चूकभूल द्यावी घ्यावी

अण्णांच्या हिशेबाच्या वह्या मी टाकल्या नाहीत. लाल कापडी बांधणीच्या, उभ्या, अशा अकरा वह्या आहेत. ऊस किती गेला, खत किती आलं, सोसायटीचं किती फिटलं, सगळं त्यात आहे. १९८३ सालच्या वहीत पावसाळ्यातल्या एका पानावर वेगळाच हिशेब आहे. एसटी भाडे, माणसे तीन. खाणावळ. केळी. सुई-औषध. शॉक – ६. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी ते लिहीत तसं इथेही लिहिलं आहे: चू. भू. द्या. घ्या. या पानावर ‘भूल’ हा शब्द एवढा एकदाच येतो, तोही तळाशी आणि दुसऱ्याच अर्थाने.

ते सहा शॉक माझ्या आईला दिले गेले. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो आणि तिचे पाय धरायला होतो.

गेली बारा-तेरा वर्षं मी या एका पानाच्या मागे आहे. पेशाने मी टर्नर. आयटीआय झालो, बारामती एमआयडीसीत लेथवर आयुष्य गेलं. वैद्यकाचं शिक्षण नाही, इंग्रजीही शब्दकोश मांडीवर ठेवूनच वाचतो. पण भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या नियतकालिकाचे जुने अंक फुकट वाचायला मिळतात, न्यायालयांचे निकाल मिळतात, आणि रात्रपाळीचा माणूस जागायला शिकलेला असतो. एकच प्रश्न होता. स्नायू सैल करून, भूल देऊन शॉक द्यायची पद्धत जगात १९५२ सालापासून होती. मग १९८३ साली माझ्या आईला चौघांनी का धरलं?

आमचं जुनं गाव इंदापूर तालुक्यातलं, भीमाकाठचं. उजनीच्या पाण्यात गेलं. आता भिगवणच्या बाजूला पुण्याची माणसं रोहित पक्षी बघायला येतात, होडीवाल्यांना चार पैसे मिळतात. चांगलं आहे. पण त्या पाण्याखाली घरं आहेत हे होडीत बसलेल्याला सांगावं लागतं. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. आमच्या घराचं तसं काही वर आलं नाही. नव्या जागी आल्यावर आई वर्ष-दोन वर्षं बरी होती. मग हळूहळू बोलेना. मग जेवेना. भिंतीकडे तोंड करून बसायची. देवऋषी झाले, नवस झाले, गावात कोणी ‘येरवड्याला दाखवा’ असंही म्हणालं. आमच्याकडे हे वाक्य शिवी म्हणून वापरतात, त्यामुळे अण्णा त्या माणसाशी पुढे बोलले नाहीत. शेवटी जिल्ह्याबाहेरच्या एका शहरात एका खासगी दवाखान्यात तिला नेलं. तोवर तिने तोंडात पाणीसुद्धा घेणं सोडलं होतं. ते शहर आणि तो दवाखाना कोणता हे इथे लिहीत नाही, कारण जे तिथे झालं ते त्या काळी ठिकठिकाणी होत होतं.

खोलीत लोखंडी पलंग, वर गादी. डोक्याशी डॉक्टर, हातात दोन मुठींची ती वस्तू. एक कंपाउंडर हनुवटी वर दाबून धरणारा, दोघे खांद्यांना आणि कमरेला. पायांना माणूस कमी पडत होता, म्हणून मला बोलावलं. दातांत कापडाची गुंडाळी. मग जे झालं त्याला काही सेकंदच लागले असतील. पाय आधी ताठ झाले, मग झटके देऊ लागले, आणि मी माझं सगळं वजन टाकलं तरी ते मला उचलत होते. आईच्या अंगात, जी महिनाभर जेवली नव्हती, एवढं बळ कुठून आलं हे मला कळेना. अण्णा बाहेर बाकावर होते.

आता दुसरी बाजू, कारण ती लिहिली नाही तर हा लेख खोटा होईल. आई बरी झाली. चौथ्या शॉकनंतर तिने भाकरी मागितली. सहाव्यानंतर घरी आल्यावर माझी शाळा बुडाली म्हणून तिने मला फटका मारला आणि अण्णा ओसरीवर बसून रडले. त्या दोन महिन्यांतलं तिला पुढे काही आठवलं नाही. ज्या माणसाने अन्नपाणी सोडलं आहे त्याच्यावर या उपचाराइतकं लवकर काम करणारं दुसरं फार थोडं आहे, हे आजही डॉक्टर मान्य करतात. हिंदी सिनेमांनी शॉक म्हणजे शिक्षा असं चित्र लोकांच्या डोक्यात पक्कं बसवलं आहे. माझी आई त्या शिक्षेमुळे आणखी पस्तीस-चाळीस वर्षं जगली, असं मला म्हणावं लागतं.

फक्त तिची पाठ तेव्हापासून दुखायची. खुरपणीने दुखते, पाणी शेंदल्याने दुखते, असं आम्ही सगळे म्हणायचो, तीही म्हणायची. २०११ साली एका हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरून विचारलं, “या कधी उंचावरून पडल्या होत्या का?” पाठीच्या मधल्या भागातले दोन मणके पुढच्या बाजूने चेपलेले होते, पाचरीसारखे. पडली नव्हती. मी तसं सांगितलं आणि गाडीवरून परत येताना भिगवण रस्त्यावर मला ते पाय आठवले. त्या दिवशी माझं वाचन सुरू झालं.

झटका देऊन मन ताळ्यावर आणण्याची कल्पना विजेच्या आधीची आहे. बुडापेस्टचे डॉक्टर मेदुना यांनी १९३४ मध्ये कापराचं इंजेक्शन देऊन रुग्णाला फिट आणली, पुढे त्यासाठी कार्डियाझोल नावाचं औषध वापरलं. त्यात सुई टोचल्यापासून फिट येईपर्यंतचा काळ रुग्णाला इतका भयंकर वाटे की पुन्हा सुई बघितली की तो पळे. रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी एप्रिल १९३८ मध्ये वीज वापरली. विजेचा एक मोठा फायदा होता. प्रवाह गेल्याक्षणी माणसाची शुद्ध जाते, त्यामुळे झटके त्याला जाणवत नाहीत. आपल्याकडे पुढे अनेक वर्षं दिलं गेलेलं मुख्य समर्थन हेच: बेशुद्ध माणसाला वेगळी भूल कशाला?

पण हाडांना शुद्ध-बेशुद्ध कळत नाही. सगळ्या शरीराचे स्नायू एकदम, पूर्ण ताकदीने आवळले जातात. पाठीचा कणा पुढे वाकतो आणि मधल्या मणक्यांच्या पुढच्या कडेवर सगळा दाब येतो. लेथवर काम केलेल्याला हे समजायला शरीरशास्त्र लागत नाही, दोन बाजूंनी ओढलेला दांडा कुठे चेपेल ते तो सांगू शकतो. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी कार्डियाझोलचे, म्हणजे तिकडच्या मेट्राझोलचे, झटके घेतलेल्या ५१ रुग्णांच्या पाठीचे एक्स-रे काढले. २२ जणांचे मणके मोडलेले निघाले. त्या औषधाची फिट विजेच्या फिटपेक्षा जोरकस असे, त्यामुळे हा आकडा विजेला जसाच्या तसा लावता येत नाही. पण एक गोष्ट मी वहीत लिहून ठेवली: त्यांनी पाठ दुखते म्हणणाऱ्यांचेच फोटो काढले नाहीत, सरसकट काढले.

यावर उपाय निघाला तो दक्षिण अमेरिकेच्या जंगलातून. तिथले शिकारी बाणाच्या टोकाला क्युरारे लावतात, त्याने जनावर लुळं पडतं. रिचर्ड गिल नावाच्या गृहस्थाने १९३८ च्या सुमारास इक्वाडोरमधून त्याचा साठा अमेरिकेत आणला. नेब्रास्कातले मनोविकारतज्ज्ञ बेनेट यांनी ते झटक्यांच्या आधी रुग्णांना देऊन पाहिलं आणि १९४० मध्ये आपले निष्कर्ष छापले. मणके मोडायचे थांबले. त्यानंतर, २३ जानेवारी १९४२ रोजी, माँट्रियलमध्ये ग्रिफिथ आणि जॉन्सन यांनी तेच क्युरारे शस्त्रक्रियेत वापरलं. (ते रुग्णालय होमिओपॅथिक होतं, ही जाता जाता गंमत.) आज कुठल्याही मोठ्या ऑपरेशनमध्ये पोटाचे स्नायू सैल करायला जी औषधं देतात त्यांची सुरुवात इथली. म्हणजे स्नायू सैल करायची ही विद्या आधी मनोरुग्णांवर वापरली गेली, मग सर्जनकडे गेली. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बाहेर येऊन उभा राहिलो होतो. ज्यांच्यामुळे ती विद्या आली त्यांच्यापर्यंतच ती आपल्याकडे पोचली नाही.

क्युरारेचा अंमल लांबतो आणि त्यात श्वास बंद पडण्याचा धोका मोठा, म्हणून बहुतेकांनी ते सोडून दिलं. १९५१-५२ मध्ये स्टॉकहोमच्या होल्मबर्ग आणि थेस्लेफ यांनी सक्सिनिलकोलीन वापरलं. हे औषध एका मिनिटात काम करतं आणि काही मिनिटांत उतरतं, शॉकच्या वेळेला अगदी बेताचं. इथेच भुलीचं खरं कारण येतं आणि ते आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे. भूल ही शॉकच्या वेदनेसाठी नसतेच. सैल करणाऱ्या औषधाने माणूस शुद्धीवर असताना लुळा पडतो: डोळे मिटता येत नाहीत, ओरडता येत नाही, छाती हलत नाही. ती गुदमर कोणाच्याही वाट्याला येऊ नये म्हणून आधी थायोपेंटोनसारखं औषध देऊन झोपवायचं. आणि श्वासाचे स्नायूही सैल पडतात म्हणून कोणीतरी मास्क आणि पिशवीने प्राणवायू देत उभं राहायचं. हाडं वाचवायची तर स्नायू सैल करायला हवेत. स्नायू सैल करायचे तर भूल हवी. भूल द्यायची तर भूलतज्ज्ञ हवा, ऑक्सिजनचा सिलिंडर हवा, थुंकी ओढायचं यंत्र हवं, घशात नळी घालता येणारा हात हवा. १९८३ च्या त्या खोलीत यातलं काय होतं ते मी आठवून पाहतो. एक टेबलफॅन होता.

त्या काळी तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञ म्हणजे पाहुणाच. जिल्ह्याच्या ठिकाणीसुद्धा एक माणूस बॅग घेऊन या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरे. अडलेली बाळंतीण, फुटलेलं अपेंडिक्स, मोडलेली मांडी यांच्या रांगेत मनोरुग्ण शेवटी. त्यात एकाला सहा ते दहा वेळा, दिवसाआड शॉक द्यायचा असतो. प्रत्येक वेळी भूलतज्ज्ञाची फी. अण्णांच्या वहीतले आकडे मी जोडून पाहिले आहेत. एक गाय तर त्या पानासाठी विकलीच होती, दुसरी विकावी लागली असती.

कायदा तेव्हा यात काही बोलत नव्हता. १९१२ चा वेड्यांविषयीचा कायदा माणसाला आत कसं घालायचं आणि त्याची मालमत्ता कोणी सांभाळायची एवढंच बघे. आत काय करायचं हे डॉक्टरांवर. १९८७ चा कायदा १९९३ मध्ये लागू झाला, त्यातही डायरेक्ट शॉकवर बंदी नव्हती. न्यायालयं मात्र बोलली होती, आणि त्यांतला एक निकाल आमच्याच भागातला निघाला.

मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनारी वीस वर्षांच्या एका मुलाची मांडी मोडली. वडील दौंडला डॉक्टर. त्यांनी पायाला आधार बांधून, टॅक्सीत आडवं घालून, दोनशे मैलांचा प्रवास करून मुलाला पुण्याच्या एका नामांकित सर्जनकडे आणलं. तिथे हाड बसवलं गेलं ते पुरेशी भूल न देता, मॉर्फियाच्या एका इंजेक्शनवर, तीन मदतनीस लावून पाय ओढून. वडील संध्याकाळी दौंडला परतले, आई पोराजवळ राहिली. रात्री नऊच्या सुमारास मुलगा गेला. आईवडिलांनी दावा लावला. तो पंधरा वर्षं चालला आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल कायम केला. भरपाई तीन हजार रुपये. लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले या नावाने तो निकाल आजही वैद्यकीय हलगर्जीपणाच्या प्रत्येक खटल्यात काढला जातो. डॉक्टरने रुग्ण हाती घेतला की कोणती कर्तव्यं येतात ते त्यात सांगितलं आहे. दौंडहून बारामतीला रेल्वेने येणाऱ्या कितीजणांना हे माहीत असेल!

त्याच्याच जोडीने दुसरा निकाल काढला जातो, तो इंग्लंडचा. १९५४ साली जॉन बोलम नावाच्या रुग्णाला लंडनच्या फ्रायर्न रुग्णालयात शॉक दिला गेला, स्नायू सैल करायचं औषध न देता आणि धोक्याची कल्पना न देता. दोन्ही बाजूंना परिचारक नुसते उभे होते, तो पडू नये म्हणून. त्याचे दोन्ही खुबे मोडले. १९५७ मध्ये न्यायमूर्ती मॅकनेअर यांनी ज्युरीला जे सांगितलं तेच पुढे सूत्र झालं: त्या विद्येतल्या जबाबदार मंडळींपैकी काहींना मान्य असलेल्या रीतीने डॉक्टर वागला असेल, तर दुसऱ्या मंडळींचं मत वेगळं आहे एवढ्यावरून तो दोषी ठरत नाही. त्या वेळी औषध द्यावं की नाही यावर तज्ज्ञांतच दोन तट होते. बोलम हरला. २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हेच सूत्र स्वीकारलं.

मोडलेल्या मांडीला भूल दिली नाही म्हणून डॉक्टर चुकला, आणि मोडलेल्या मनाला स्नायू सैल करायचं औषध दिलं नाही तरी डॉक्टर चुकला नाही. दोन्ही निकाल आपापल्या जागी कायद्याने बरोबर असतील. वकील मित्राने मला ते दोन वेळा समजावून सांगितलं आहे. मला ते समजलं, पटलं असं नाही.

या शतकाच्या सुरुवातीला भांडण उघडं झालं. ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला साखळदंडांत बांधलेले मनोरुग्ण आगीत जळून मेले आणि देशाचं लक्ष थोडे दिवस तिकडे गेलं. त्याच वर्षी ‘सार्थक’ संस्थेने सर्वोच्च न्यायालयात डायरेक्ट शॉकवर बंदी मागितली. पुण्यात ‘बापू ट्रस्ट’च्या भार्गवी दावर यांनी हा प्रश्न लावून धरला. त्यांच्या लढ्यामागे त्यांच्या आईची कहाणी होती, ट्रस्टचं नावही आईचंच. शॉक हा उपचारच त्यांना मान्य नव्हता. तिथे मी त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही, माझ्या आईने भाकरी मागितलेली मी पाहिली आहे. पण भुलीशिवाय शॉक देणं अनैतिक आहे, असं मुंबईहून निघणाऱ्या वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात २००३ मध्ये पुण्याच्या गटाने लिहिलं, ते वाचताना मला वाटलं की कोणीतरी माझ्या वतीने बोलतं आहे. दावर २०२४ मध्ये गेल्या. त्यांना पत्र लिहायचं ठरवून मी सहा वर्षं घालवली, हे माझ्या खात्यावर.

समोरची बाजू मूर्खांची नव्हती. बंगळूरचे चित्तरंजन अंद्रादे, मुंबईच्या सायन रुग्णालयाचे नीलेश शाह आणि वेल्लोरचे प्रताप थर्यन यांनी २००३ मध्ये एका अमेरिकन नियतकालिकात या पेचावर लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: भूल देऊनच शॉक द्यावा यात वाद नाही. पण जिथे भूलतज्ज्ञच नाही तिथे बंदी घातली तर रुग्णाला भुलीसकट शॉक मिळणार नाही, काहीच मिळणार नाही, आणि उपाशी पडलेला किंवा जीव द्यायला निघालेला रुग्ण वाट पाहत नाही. वेल्लोरला थर्यन यांनी ऐंशीच्या दशकातल्या तेरा हजारांहून अधिक डायरेक्ट शॉकची नोंद तपासली होती आणि हाडं मोडल्याचे प्रकार अगदी थोडे आढळले होते. शिवाय अर्धवट साधनांनी दिलेली भूल हाच एक धोका असतो, हेही खरं.

हा युक्तिवाद मी प्रामाणिकपणे तोलून पाहिला. १९८३ मध्ये माझ्या वडिलांपुढे हा पेच कोणी मांडला असता तर त्यांनी शॉकच निवडला असता, मीही निवडला असता. पण दोन गोष्टी मनातून जात नाहीत. पहिली त्या नोंदींबद्दल. पाठ दुखते म्हणून जी बाई दवाखान्यात परत गेलीच नाही ती कुठल्या रकान्यात येणार? माझी आई कुठल्याही नोंदीत निर्धोकच भरली असती. दुसरी भीतीबद्दल. प्रवाह गेल्यावर काही जाणवत नाही हे मान्य. पण दुसऱ्या, तिसऱ्या वेळी त्या खोलीत शिरताना? आईला दोन महिन्यांतलं काही आठवत नव्हतं असं मी वर लिहिलं. एक गोष्ट राहिली होती. स्पिरिटचा वास आला की ती खांदे आवळून घेई, भाच्याला पोलिओचा डोस पाजायला नेलं तरी. आणि विचारलं तर म्हणे, “काय की, धरतील असं वाटतं.”

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ९५ ने स्नायू सैल करायचं औषध आणि भूल यांशिवाय शॉक द्यायला बंदी घातली. त्याच कलमात रुग्णाला साखळीने बांधायलाही बंदी आहे. अल्पवयीन मुलांना शॉक द्यायचा तर पालकांची संमती आणि मंडळाची आधी परवानगी लागते. कायदा झाला ते योग्यच झालं. पण इंदापुरात, बारामतीत मी विचारत फिरलो तेव्हा एक गोष्ट दिसली. डायरेक्ट शॉक बंद झाला म्हणून भुलीचा शॉक गावोगावी सुरू झाला असं काही नाही. त्यासाठी माणसं पुण्याची वाट धरतात. आमच्या एमआयडीसीतच २०१९ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथून दरवर्षी डॉक्टर निघतील, त्यातले काही भूलशास्त्राकडे वळतील. बंदीने जे होत नाही ते माणसं तयार झाल्यावर होतं.

आणि आमच्या भागात या भूलतज्ज्ञाला एक प्रश्न जास्त विचारावा लागतो. सक्सिनिलकोलीन रक्तातलं एक विकर मोडून टाकतं, म्हणून ते लवकर उतरतं. काही घराण्यांत हे विकर जन्मतःच कमी असतं. आपल्या देशात आर्य वैश्य समाजात हे जास्त आढळल्याच्या नोंदी आहेत. अशा माणसाचा श्वास मिनिटांऐवजी तासभर किंवा त्याहून जास्त वेळ बंद राहू शकतो आणि तेवढा वेळ तो यंत्रावर ठेवावा लागतो. पण ते विकर आणखी एका कारणाने कमी होतं, पिकांवर फवारायच्या कीटकनाशकाने. द्राक्ष, डाळिंब, ऊस, तरकारी यांच्या मुलखात ते कीटकनाशक घरात असतं. ज्याला जगणं नको झालं आहे तो तेच घेतो. ‘औषध प्यायला’ असं आपण म्हणतो. अशा माणसाला वाचवून, पुढच्या काही आठवड्यांत नैराश्यावर शॉक द्यायची वेळ येते, तेव्हा विकर अजून भरून आलेलं नसतं. नातेवाईक लाजेने औषध प्यायल्याचं लपवतात. डॉक्टर रक्त न तपासता नेहमीचं इंजेक्शन देतील तर श्वास परत यायला नको तितका वेळ लागेल. हे मी मुद्दाम इतक्या सविस्तर लिहिलं आहे. भूलतज्ज्ञ विचारतील तेव्हा खरं सांगा. पोलिसाला सांगत नाही आहात, श्वास धरणाऱ्याला सांगता आहात.

२०१९ च्या हिवाळ्यात आईने पुन्हा जेवण सोडलं. ती शहात्तर वर्षांची होती, अण्णा जाऊन चार वर्षं झाली होती. गोळ्या लागू पडेनात. पुण्याच्या एका रुग्णालयात डॉक्टरांनी शॉकचा विषय काढला तेव्हा बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “भूल कोण देणार ते आधी सांगा.”

भूल देणाऱ्या मॅडम तिशीतल्या होत्या. आदल्या दिवशी खाटेजवळ खुर्ची ओढून बसल्या. हृदयाचा आलेख पाहिला, दात हलतात का पाहिलं, मान मागे किती जाते ते पाहिलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत ते लिहून घेतलं. रात्रीनंतर काही खायचं-प्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, हे दोनदा बजावलं.

“आजींना याआधी कधी भूल दिली होती?”

“मोतीबिंदूला. डोळ्यापुरती.”

“शॉक कधी घेतलेत?”

“१९८३ ला. सहा.”

“तेव्हा भूल दिली होती?”

“नाही.”

त्यांचं पेन थांबलं. “मग?”

“धरलं होतं. पाय मी धरले होते.”

त्या काही बोलल्या नाहीत. मी पिशवीतून २०११ चा एक्स-रे काढून दिला. त्यांनी तो खिडकीकडे धरून बराच वेळ पाहिला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. ते मणके त्या सहांपैकीच एखाद्या वेळी चेपले हे मी सिद्ध करू शकत नाही. वयाने ठिसूळ होऊनही मणके तसे चेपतात. त्या मॅडमही तेच म्हणाल्या. पण म्हणाल्या की औषधाची मात्रा ठरवताना हे त्या धरून चालणार आहेत.

दुसऱ्या दिवशी मी दाराच्या काचेतून पाहिलं, तेवढी परवानगी मिळाली. हाताला सुई, बोटाला चिमटा, छातीवर तारा. एका पायाच्या घोट्याच्या वर रक्तदाबाचा पट्टा आवळलेला. त्याचं कारण मी वाचलेलं होतं: पट्ट्याखाली सैल करणारं औषध पोचत नाही, त्यामुळे सगळं शरीर स्वस्थ असताना तेवढा एक पंजा हलतो आणि फिट आली, किती सेकंद टिकली, ते डॉक्टरांना कळतं. मॅडमनी मास्क धरला, आई झोपली. अंगावरून बारीकशी थरथर गेली, ती सैल करणाऱ्या औषधाची. दातांत रबराचा ठोकळा गेला. मग तो एक पाय हलायला लागला. मी घड्याळ लावलं होतं, पस्तीस सेकंद. बाकीचं अंग गादीवर तसंच पडून. कोणाचाही हात तिच्या पायावर नव्हता. मॅडम पिशवी दाबत होत्या, नजर पडद्यावर, आणि पाच-सहा मिनिटांनी आईची छाती आपण होऊन वर आली.

अर्ध्या तासाने तिला बाहेर आणलं. डोळे उघडून तिने विचारलं, “कधी नेणार?”

“झालं, आई.”

“कोणी धरलं नाही?”

“नाही.”

तिला ते पटलेलं दिसलं नाही. मग म्हणाली, “चहा मिळंल का?” नर्सबाईंनी आणखी थोडा वेळ थांबायला सांगितलं.

दिवसाआड असं सात वेळा झालं. पाचव्यानंतर ती जेवू लागली. पुढे महिनाभर तिला नातवंडांची नावं उलटसुलट आठवत होती, ती हळूहळू जागेवर आली. पुढे दोन वर्षांनी ती गेली, ते वयाने. अण्णांच्या शेवटच्या वहीत काही पानं कोरी राहिली होती. पुण्याचा खर्च मी तिथेच लिहिला आहे. गाडीभाडे. खोली. तपासण्या. शॉक – ७. भूल – ७.